डीव्हीडीतली ती दोन मिनिटं

मंडळी, आज आमच्या अकोल्याच्या दुकानात तेल्हाऱ्याच्या एक ताई आल्या. लग्नाच्या तीन सीडींची एकच डीव्हीडी करून हवी होती.

फाइली जोडताना दुसऱ्या सीडीत दोन मिनिटं नुसती जमीन दिसली. शूटिंगवाला कॅमेरा बंद करायला विसरला होता. मी म्हटलं, "ताई, हे कापतो."

"कापू नोका भाऊ! आवाज वाढवा."

बँडच्या गोंगाटात एक माणूस कोणाला तरी सांगत होता, "लग्न लागलं ना आता? माही पोरगी सकाळपासून उपाशी हाये. तिले पयले जेवू घाला."

"माहे बाबा," ताई म्हणाल्या. "फोटो लय हायेत त्यायचे. आवाज एवढाच उरला."

मी तो तुकडा जसाच्या तसा ठेवला. पण मंडळी, खराब शूटिंग म्हणून आजवर मी कोणाकोणाचे बाबा कापून टाकले असतील?