पहिलं पीठ

पहाटे चारलाच झोहरा उठली. इस्पितळाच्या धोबीखान्यातली जुनी सवय. इस्रायलमधल्या अक्को शहरात आज ज्यूंचा पेसाह सण सुटणार होता. या सणात आठवडाभर त्यांच्या घरात पीठ नसतं. सण सुटला की झोहराकडे पहिलं पीठ शेजारच्या अरब उम्म निझारकडून यायचं. शहरातल्या ज्यू-अरब दंगलीनंतर ते बंद पडलं. यंदा झोहरा स्वतः बोलवायला गेली होती.

"नाही यायची ती," मुलगा अवनेर म्हणाला. "माणसं आपण दोघं, आणि टेबल लग्नाच्या पंगतीचं!"

"त्यांना नि आपल्याला इथंच राहायचंय ना? मग कुणीतरी आधी दार वाजवायला नको?"

अंधार पडताच दार वाजलं. पिठाची परात घेऊन उम्म निझार उभी, मागे तिचं अख्खं घर!

"अगं झोहरा, पोळ्या मात्र तूच थापायच्यास हं!"

झोहरा फक्त नाचायची राहिली. कपडे धुऊन मिळवलेल्या पैशांतून घेतलेल्या त्या टेबलाला शेवटी खुर्च्या कमी पडल्या.