रिकामा पाळणा

१२ नोव्हेंबर. पाळण्याला तेल लावायचं काम काढलं. लेकीच्या बाळंतपणासाठी ओहायोला आले, तर बाळाची खोली आधीच सजलेली. मधोमध इथल्या अमिश, म्हणजे यंत्रं टाळून जुन्या रीतीने राहणाऱ्या पंथातल्या, सुताराने हाताने घडवलेला, जमिनीवर डुलणारा लाकडी पाळणा.

"खोली भरल्यासारखी वाटते ना, आई?"

"वाटते. रिकामा हलवू नकोस मात्र."

"झालं तुझं सुरू," ती हसली, पण हात पोटावर गेला. मागचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

तेल लावून मी हात धुऊन आले, तर पाळणा डुलत होता. खिडक्या बंद होत्या. जमिनीतली गरम हवेची जाळी बंद केली, तरी तो डुलतच राहिला, सावकाश, कुणी पायाने झोका द्यावा तसा. कारखान्यातली वस्तू कोरी येते. हा ज्याने घडवला, त्याने तोल बघायला कितीदा हलवला असेल, आणि दरवेळी रिकामाच. लाकडाला तीच सवय लागली असावी. मी हात लावून तो थांबवला.

१३ नोव्हेंबर. सकाळी खलबत्त्यातला बत्ता धुतला आणि बारशाला वरवंट्याला घालतात तसं टोपडं घालून पाळण्यात निजवला.

"बाळाला मिरचीचा वास येईल हं," लेक दारातून म्हणाली.

"येऊ दे. पाळणा रिकामा नको."