पुस्तकाची कड पाहणारे रज्जाकभाई

रज्जाकभाई पुस्तक कधी उघडून पाहत नाहीत. हाती आलेले पुस्तक ते मिटलेलेच आडवे धरतात, दारातल्या उजेडाकडे वळतात आणि पानांच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवतात. मग पुस्तक पाठीवर उभे करून दोन्ही हात सोडून देतात. पुस्तक आपोआप कुठेतरी उघडते. "हितं मोडलंय," असे ते स्वतःशीच म्हणतात आणि पुस्तक कोणत्या फळीवर जायचे ते ठरून जाते. ही पुस्तके बहुतेक संगणकाची आणि सगळी इंग्रजी. रज्जाकभाईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. इंग्रजीचे एक अक्षरही त्यांना वाचता येत नाही.

त्यांचे रद्दीचे दुकान तेव्हा हिंजवडीजवळच्या जांबे गावात होते, पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये. गावातल्या जुन्या शेतकरी कुटुंबांनी शेतांच्या जागी खोल्या बांधल्या, आणि हिंजवडीच्या कंपन्यांतली मुले-मुली त्यांत भाड्याने राहू लागली. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलायची, आणि जे बॅगेत मावत नाही ते रद्दीत टाकायचे, असा तिथला रिवाज. टेबलपंखे, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि विटेसारखी जाड पुस्तके. इतर रद्दीवाले ती पुस्तके वजनावर घेऊन लगद्याला पाठवत. रज्जाकभाईंनी मात्र त्यांच्यासाठी चार फळ्या ठोकल्या. "येवढं जाड पुस्तक कुणीतरी कायतरी कराया घेतलं आसंल की," ते म्हणत. "त्येला लगद्यात घालायचं माज्या जिवावर येतं."

मी त्या दुकानात गेले ते चौथ्या पुस्तकासाठी. आधीच्या तीन पुस्तकांची हकिकत सांगायला संकोच वाटतो. पण ती टाळली तर रज्जाकभाईंची पारख कळणार नाही. मी एकतीस वर्षे पुण्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर रिहे या खेड्यात एका लहानशा घरात राहायला आले. माझ्या टिपणांच्या वह्या जुन्या विद्यार्थिनी अधूनमधून मागत. ती टिपणे आपण स्वतः तयार केलेल्या वेबपेजवर ठेवावीत, अशी एक इच्छा साठीच्या उंबरठ्यावर माझ्या मनात उगवली. भाच्याला विचारले असते तर त्याने आनंदाने शिकवले असते. परंतु ज्याला मी पाढे शिकवले, त्याच्यासमोर चुकत बसण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते. म्हणून मी पुस्तकांची वाट धरली. प्रस्तावना, सूची आणि जाडी पाहून तीन कोरी पुस्तके विकत आणली. पेन्सिल घेऊन ती आद्यन्त वाचली, दोन वह्या भरून टिपणे काढली. सहा महिन्यांनी मला प्रत्येक संज्ञेची व्याख्या सांगता येत होती, आणि मी एकही पान तयार केलेले नव्हते. यावरून मी असा निष्कर्ष काढला की चौथे पुस्तक हवे.

"कसलं पायजे?" रज्जाकभाईंनी विचारले.

"वेबपेज तयार करायला शिकवणारे. घरी तीन आहेत, हे चौथे. अगदी प्राथमिक असेल तरी चालेल."

"आन् घरात कुटली हायेत?"

त्या तीन पुस्तकांतले एक माझ्या पिशवीत होते. त्यांनी ते घेतले, उजेडात धरले, अंगठा फिरवला. मग पाठीवर उभे करून सोडले. पुस्तक उघडलेच नाही. दोन्ही पुठ्ठे सारखे झुकले आणि तसेच राहिले.

"तुमी शाळंत बाई व्हता का?"

"हो. कसे ओळखलेत?"

"पैल्या पानापास्नं शेवटापतुर येकसारखा मळ हाय, आन् त्यो बी फिका. कामाच्या पुस्तकाला आसा मळ नसतोय. ह्ये तुमी पोथीवानी वाचलंय, बाई."

मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत बसलेल्या शमीमभाभी, त्यांच्या पत्नी, मोठ्याने हसल्या. मला शरम वाटायला हवी होती. पण एकतीस वर्षांत माझ्या वाचनाविषयी इतके अचूक कोणी बोलले नव्हते, त्यामुळे मी तिथेच स्टुलावर बसले.

त्यांनी मला फळ्या समजावून सांगितल्या. सर्वांत खालची फळी दमलेल्यांची. त्या पुस्तकांची पहिली चाळीस-पन्नास पाने काळवंडलेली, पुढची दुधासारखी पांढरी. "हितं माणूस दमला. येकदा दमला आसता तर माणसाची चूक म्हनलो आसतो. पर ह्येच पुस्तक माज्याकडं पाच येळा आलं, आन् पाची जण येकाच जागंला दमलं. मंग चूक कुणाची?" तिच्यावरची फळी शोभेच्या पुस्तकांची; त्यांना मळच नाही. तिसरी शिकायच्या पुस्तकांची. तिथला मळ शेवटपर्यंत पोचलेला, पण वेडावाकडा, कुठे दाट तर कुठे विरळ, एखादा चहाचा किंवा वरणाचा डाग. "जेवताना बी माणूस सोडंना, म्हंजी कायतरी जमाया लागलं आसंल." आणि सर्वांत वरची फळी हुडकायच्या पुस्तकांची. त्यांच्या कडेवर मळाचे पट्टे असत, मध्ये कोरी जागा, पुन्हा पट्टा, आणि अखेरची सूचीची पाने सर्वांत काळी. "ही वाचायची न्हाईत. आडलं की उघडायची, आन् मिटायची."

"यांतली किती घ्यावीत?" मी विचारले.

"येक शिकायचं, येक हुडकायचं. दोनच. तिसरं घेतलं का माणूस पुस्तकंच शिकत बसतोय."

तिसऱ्या फळीवरचे वरणाच्या डागाचे एक पुस्तक त्यांनी मला दिले, आणि वरच्या फळीवरचे एक जाडजूड. पंधरा दिवस मी नेटाने अभ्यास केला. सगळे पान कोष्टकाच्या चौकटींत मांडायचे, असे ते शिकायचे पुस्तक सांगत होते, आणि चौकटीत चौकट घालता घालता मी अगदी रडकुंडीला आले. मग सहज पहिले पान उलटून प्रकाशनाचे वर्ष पाहिले. ज्या वर्षी भाचा तिसरीत होता, त्या वर्षीचे पुस्तक होते. आज पाने तशी मांडतच नाहीत, हे हुडकायच्या पुस्तकाने एका ओळीत सांगितले. मी पुस्तक घेऊन परत गेले, आणि तक्रार कशी करावी या विचाराने दारातच घुटमळले.

"चूक माजी," माझे बोलणे पुरे होण्याआधीच रज्जाकभाई म्हणाले. "मळ बगितला, साल न्हाई बगितलं. लई कामाचं पुस्तक व्हतं ते, पर त्येचं काम झालं." मग पुस्तक माझ्यापुढे धरून, "साल कुटं लिवलेलं आसतंय, बाई?"

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी जांब्याला जाऊ लागले. रिह्याहून एसटीने घोटवडे फाटा, तिथून सहा आसनी रिक्षा. रज्जाकभाई कड पाहून मळ सांगत, मी आत डोकावून नाव आणि साल सांगे, आणि दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात खोचून ठेवी. "मळ निम्म्यापर्यंत, पुढे कोरे." "मळ पट्ट्यापट्ट्यांनी, सूची काळी." माझे अक्षर पाहून ते म्हणत, "ही चिट्टी बगूनच निम्मं गिऱ्हाईक पुस्तक घील." गिऱ्हाईक खरोखरच येई. कंपनीत नव्याने लागलेली मुले-मुली चिठ्ठी वाचून हसत, मग गंभीर होत आणि दोन पुस्तके घेऊन जात. तिसरे मागितले तर रज्जाकभाई विचारत, "पैली दोन मळली का?"

पुढच्या उन्हाळ्यात जागेच्या मालकांनी, गावातल्या अण्णांनी, शेडच्या जागी तीन मजली खोल्या बांधायचे ठरवले. अण्णा भले गृहस्थ. दसऱ्यापर्यंत मुदत त्यांनी आपण होऊन दिली. रज्जाकभाईंच्या भावाचा पौडला रस्त्याकडेला एक गाळा होता, तिथे दुकान हलवायचे ठरले. पण पौड कुठे आणि जांबे कुठे! दर अकरा महिन्यांनी बदलणारे गिऱ्हाईक तिथवर जाणार कसे? रद्दी कुठेही मिळाली असती. फळ्यांवरची पुस्तके मात्र गिऱ्हाइकावाचून लगद्यालाच गेली असती, आणि रज्जाकभाईंना तेवढीच एक काळजी होती.

"बाई, तुमी त्ये पान कराया शिकताय न्हवं? आपल्या दुकानाचं करा की."

"पान कशाला?" शमीमभाभी म्हणाल्या. "कागदावर पत्ता लिवून खोल्यांच्या जिन्यात डकवला का झालं!"

"पत्ता कळंल गं. पर कुटलं पुस्तक हाय, कुटवर मळलंय, ह्ये कसं कळंल? येवड्या लांब उगाच कोण यील?"

माझी टिपणे जगाने पाहिली नसती तरी कोणाचे बिघडणार नव्हते. हे पान मात्र कोणाच्या तरी उपयोगाचे होते. मी म्हणाले की मला अजून पुरेसे येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर पान नीट कसे दिसावे हे मी अद्याप शिकलेले नाही, आणि त्याविषयीचे एक उत्तम पुस्तक तिसऱ्या फळीवर परवाच आले आहे. ते पुस्तक मी काढलेही होते. रज्जाकभाईंनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतले.

"न्हाई इकणार."

"अहो, पण..."

"पैलं पान दावा, मंग पुस्तक. न्हाईतर बाई, तुमी दमलेल्या फळीवर जाताल."

"दुकानदार हायेत का कोण!" शमीमभाभी म्हणाल्या. "आलेलं गिऱ्हाईक घालवाया बसलेत."

घरी येऊन मी चार दिवस रागात काढले, आणि पाचव्या दिवशी दुपारी लॅपटॉप उघडला. पहिली ओळ लिहिली ती दुकानाच्या नावाची, देवनागरीत. पान उघडून पाहते तर नावाच्या जागी टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांची एक रांग. मी लॅपटॉप मिटला तो दोन दिवस उघडला नाही. मग हुडकायचे पुस्तक घेतले आणि रज्जाकभाईंसारखे पाठीवर उभे करून सोडले. ते रंगांच्या यादीपाशी उघडले. तेव्हा मुकाट्याने सूचीकडे वळले. पण रोगाचे नावच ठाऊक नसल्यामुळे सूचीत काय शोधावे तेही कळेना. पानाच्या माथ्यावर काय काय लिहावे लागते, तो भाग पुन्हा पुन्हा उघडला. चौथ्या खेपेला सापडले. आपण कोणत्या संकेताने अक्षरे लिहिली आहेत, हे आरंभीच एका ओळीत सांगावे लागते. पहिल्या तिन्ही पुस्तकांत ती ओळ होती, माझ्या वहीत तिची व्याख्याही होती. मी ओळ लिहिली, पान पुन्हा उघडले. "रज्जाकभाईंचे पुस्तकांचे दुकान." घरात मी एकटीच होते, तरी उठून उभी राहिले.

पुढचे सारे एका महिन्यात झाले. चिठ्ठ्यांवरचा मजकूर उतरवला. मोबाइलवर पान उजवीकडे सांडत होते, तेही हुडकून सावरले, आणि पान इंटरनेटवर चढवले. गुरुवारी दुकानात रज्जाकभाईंच्या हाती माझा मोबाइल दिला. त्यांनी पान बराच वेळ पाहिले.

"माजं नाव लई मोठं केलंय."

"लहान करू का?"

"ऱ्हाऊ द्या."

"माणसापरीस नाव मोठं," भाभी गठ्ठ्यांमागून म्हणाल्या.

सवयीने रज्जाकभाईंनी पडद्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, तसे पान सरकन वर गेले. ते दचकले. "ह्येला मळ कुटं बसायचा, बाई?"

दसऱ्याआधी फळ्या पौडला गेल्या. पानाचा पत्ता मी नव्या चिठ्ठ्यांवर लिहिला आणि शमीमभाभींनी त्या जांब्यातल्या जिन्याजिन्यांत डकवल्या. कंपन्यांना सुट्टी म्हणून मी आता रविवारी जाऊ लागले, पण पहिले तीन रविवार दुकानात रद्दी देणाऱ्यांखेरीज कोणी आले नाही. धरणाकडे फिरायला जाणाऱ्या मोटारसायकली समोरून भरधाव जात. रज्जाकभाई फळ्यांवरची धूळ तेवढी दोनदा पुसत. मी मात्र मनातल्या मनात माफीची वाक्ये जुळवत असे.

चौथ्या रविवारी एक मोटारसायकल थांबली. मागे बसलेली मुलगी मोबाइल पुढे धरून उतरली. "काका, यात लिहिलंय, 'मळ शेवटपर्यंत, चहाचा डाग एक.' आहे का ते अजून, की गेलं?"

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. उठले, पुस्तक काढले, डाग दाखवला. सोबतच्या मुलाने दमलेल्यांची फळी वाचून काढली आणि म्हणाला, "अरे, हे तर माझंच पुस्तक!" मग सगळेच हसले. पुस्तक घेऊन ती दोघे गेल्यावर रज्जाकभाईंनी हात पुढे केला. "तुमचं हुडकायचं पुस्तक आणलंय का?"

ते माझ्या पिशवीत असतेच. त्यांनी ते उजेडात आडवे धरले, अंगठा फिरवला, एका जागी थांबवला. मग पाठीवर उभे करून हात सोडले. पुस्तक उघडले. रंगांच्या यादीपाशी नव्हे, तर माथ्यावरच्या त्या ओळीपाशी.

"ह्ये हितं आदी मोडलेलं न्हवतं," ते म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हाती दिले, आणि बैठकीखालून कागदात गुंडाळलेले दुसरे एक पुस्तक काढले. जांब्यात माझ्या हातातून काढून घेतलेले तेच. "घ्या आता तुमचं चौथं. हुडकायचं त्यात मोजायचं न्हाई."

माझी संस्कृतची टिपणे आता हळूहळू वेबपेजवर चढत आहेत, सात पाने झाली. पौडला महिन्यातून एखादा रविवार जाते. चौथे पुस्तक घरी आहे, आणि त्याची अजून गरजच पडलेली नाही. ते सोबत न्यायचे मात्र मी कटाक्षाने टाळते. रज्जाकभाईंनी कड पाहिली, तर जुन्या मळात माझी काहीच भर नाही हे ओळखून ते शोभेच्या फळीवर टाकतील.