लाकडातून कापलेले शब्द

मीटरकाका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात एक मशीन आलं. टेलरबाईंनी विचारलं, "आता हे ठेवणार कुठे?"

"मागच्या गॅलरीत," काका म्हणाले. "तिथे तसंही काही नाही."

"कपडे वाळत असतात तिथे. तुमचेच."

पण मशीन गॅलरीतच बसलं, आणि कपड्यांनी थोडं सरकून घेतलं.

गल्लीत दोघांनाही नावानं कोणी हाक मारत नसे. काकांनी चौतीस वर्षं दारोदार जाऊन विजेचे मीटर वाचले, म्हणून ते मीटरकाका. बाईंनी त्याहून जास्त वर्षं पुढच्या खोलीत बसून लोकांचे शर्ट, फ्रॉक, शाळेचे गणवेश आणि पडदे शिवले, म्हणून त्या टेलरबाई. त्यांच्या लेकीलासुद्धा पोस्टमन "टेलरबाईंची का तू?" असंच विचारायचा.

मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. लोखंडी टेबल, त्यावर वाकलेला एक हात, आणि त्या हातात उभं ताणून बसवलेलं दोऱ्यासारखं बारीक पातं. बटण दाबलं की पातं वर-खाली नाचायला लागतं आणि आपण लाकूड फिरवू तशी नक्षी कापली जाते. टेलरबाईंनी ते पहिल्यांदा चालताना बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर माझंच मशीन की! माझं जोडतं आणि तुमचं तोडतं, एवढाच काय तो फरक."

काकांना हा विनोद फारसा आवडला नाही, पण छंद मात्र असा जडला की विचारू नका. कोणाचा वाढदिवस, कोणाचं नवं घर, कोणाच्या मुलाचा निकाल, काकांची भेट तयार. बाईंच्या नणंदेला घड्याळ मिळालं, त्यातला सातचा आकडा उलटा होता. जावयाला हत्तीच्या आकाराचा मोबाइल स्टँड मिळाला. फोन थरथरला की हत्ती आडवा व्हायचा. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी मोठ्या हौसेनं एक दाढ कापून दिली. ती टेबलावर बघून पेशंट विचारायचे, "डॉक्टर, हे छोटं स्टूल कशासाठी?" भेटी मिळालेले लोक त्या कपाटात ठेवत आणि काका येणार म्हटलं की लगबगीनं बाहेर काढत. टेलरबाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी काकांना कधी कळू दिलं नाही.

पाच वर्षं अशी मजेत गेली. मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, बाई पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होत्या. मागून मशीनचा आवाज येत होता. मशीन लाकूड कापतं तेव्हा त्याचा आवाज जड होतो, वळणावर दबतो, सुटला की हलका होतो. त्या दिवशी तो बराच वेळ एकसारखा येत होता. टेप गळ्यात तसाच टाकून बाई म्हणाल्या, "अहो, मशीन रिकामं का चालवताय?"

उत्तर आलं नाही. त्या धावल्या. काका टेबलाला रेलून उभे होते, उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि ते काहीतरी सांगायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होते. बाईंनी आधी मशीन बंद केलं, मग नवऱ्याला धरलं आणि गिऱ्हाइकाला ओरडून सांगितलं, "गाडी बोलवा!"

जीव वाचला. तीन आठवड्यांनी काका घरी आले, काठी घेऊन दहा पावलं टाकायला लागले. पण उजवा हात गेल्यात जमा होता, आणि शब्द गेले होते. समोरचं बोलणं त्यांना कळायचं, डोळ्यांत ते दिसायचं. उत्तर द्यायला मात्र तोंडात एकच शब्द उरला होता, "बरं."

भूक लागली, बरं. पंखा नको, बरं. संतापले, तरी "बरं! बरं! बरं!" लेक नोकरीच्या गावाहून रजा काढून आली होती. पहिल्या दिवशी तिला यावर हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. बाईंना नळाचा आवाज बराच वेळ ऐकू आला.

बोलणं शिकवणारी एक डॉक्टरीण दर गुरुवारी यायची. तरुण होती, चिकाटीची होती. तिनं चित्रांची कार्डं आणली होती. कप, पलंग, चष्मा, खिडकी. "काका, हवं ते दाखवायचं." काकांच्या डाव्या हाताला ती गुळगुळीत कार्डं सुटी करता येईनात. दोन-तीन एकदम उचलली जायची, बाकीची जमिनीवर सांडायची. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी अख्खा गठ्ठा टेबलावरून ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

लेक परत गेली त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी बाई कणकेच्या हातानं बाहेर आल्या तर काका काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. काठी धरलेल्या डाव्या हातात त्यांनी आणखीही काहीतरी घट्ट पकडलं होतं. ते त्यांनी पुढे केलं. लाकडाचा मासा होता तो, आजारपणाच्या आधी कापलेला, शेपटीला अजून पॉलिश पेपर न लागलेला.

"मासा? मासा खायचाय?"

"बरं!" काका वैतागले. मग त्यांनी माशाचं तोंड दाराशेजारच्या पाण्याच्या माठावर आपटलं.

"पाणी!"

काकांनी मान डोलावली आणि दाराच्या चौकटीला टेकून असा श्वास सोडला, जणू मैलभर चालून आले. बाईंनी पाणी दिलं. ते पिताना त्या त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. कार्ड निसटतं. लाकूड हातात बसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर टेलरबाई गॅलरीत गेल्या. मशीनवरचं जुनं चादरीचं आवरण काढलं, भुसा झटकला, आणि पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. काकांना खुर्चीत बसवून शेजारी ठेवलं. पाव इंची प्लायच्या तुकड्यावर खडूनं कप काढला. खडूची रेघ म्हणजे त्यांच्या हातचा मळ. बटण दाबलं, लाकूड पुढे रेटलं, आणि टक्! पातं तुटलं.

"माझ्या सुया नाही एवढ्या तुटत," त्या पुटपुटल्या.

दुसरं पातंही गेलं. तिसऱ्याच्या वेळी काका खुर्चीतल्या खुर्चीत "बरं! बरं!" करायला लागले आणि त्यांनी डावा तळवा बाईंच्या हातावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, आणि त्यांचा हात हळूच मागे आणला. तेव्हा बाईंना उमगलं. शिलाई मशीनचे दात कापड आपणहून ओढून घेतात, आपण फक्त दिशा द्यायची. इथे ओढणारं कोणी नाही. आपणच द्यायचं, पण पात्याला झेपेल तेवढंच. लाकडाला घाई केली की पातं वाकतं, वाकलं की तुटतं.

कप झाला तेव्हा तो बटाट्यासारखा दिसत होता. वर कान चिकटवलेला बटाटा. बाईंनी तो काकांच्या हातात दिला. काकांनी उलटापालटा करून पाहिला, आणि चेहऱ्याच्या चांगल्या अर्ध्या बाजूनं हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हसा, हसा," बाई म्हणाल्या. "तुमच्या दाढेपेक्षा बराय."

त्या कपाच्या कानातलं भोक मात्र त्यांना पहिल्या फटक्यात जमलं होतं. आतलं कापायचं तर आधी ड्रिलनं भोक पाडायचं, पातं सोडवायचं, भोकातून ओवून पुन्हा ताणून बसवायचं. ओवणं! त्यात त्यांना कोण शिकवणार?

मग रोज दुपारी एक शब्द कापला जाऊ लागला. चष्मा, पलंग, खिडकी, पंखा, बादली. डोक्यावर हात ठेवलेला माणूस म्हणजे डोकं दुखतंय. दोन वेण्यांची मुलगी म्हणजे लेक, ती चाळिशीला आली असली तरी. बाईंनी जाड कापडाची एक झोळी शिवली, तिला बारा कप्पे केले आणि ती खुर्चीच्या हाताला अडकवली. काका बोटांनी चाचपून हवा तो तुकडा काढायचे आणि टेबलावर ठेवायचे. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि स्वतःची कार्डं मुकाट्यानं बॅगेत भरली.

सगळं सुरळीत चाललं होतं अशातला भाग नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस असा उगवला की काकांना हवं ते झोळीत सापडेना. त्यांनी एकेक तुकडा काढला, बघितला, बाजूला टाकला. बाई विचारून विचारून थकल्या. "चहा? लेकीला फोन? पाठ दुखतेय? मग काय तरी!" काकांनी झोळी उपसून जमिनीवर ओतली.

सकाळपासून बाईंनी त्यांना अंघोळ घातली होती, भरवलं होतं, मालिश केलं होतं, मधल्या वेळात दोन गणवेश पुरे केले होते. त्यांचा तोल सुटला. "मी काय मनकवडी आहे का हो? मला कसं कळणार तुमच्या डोक्यातलं? मी तरी किती पुरी पडू?" असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा काकांनी प्लायचा एक तुकडा मांडीवर घेतला होता आणि डाव्या हातानं त्यावर खडू ओढत होते. रेघ थरथरत, अडखळत, स्वतःलाच ओलांडत चालली होती. संपल्यावर त्यांनी तुकडा पुढे केला.

बाईंना तो मान मोडलेला घोडा वाटला. त्यांनी फोनवरून लेकीला फोटो पाठवला. लेक म्हणाली, "आई, कोंबडी आहे का?" काकांनी फोनकडे बघून कपाळाला हात लावला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आधी कापते. काय आहे ते मग बघू." गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप स्वतःला पटो न पटो, खडूच्या रेघेवरूनच कापायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी काकांची एकही थरथर सरळ केली नाही. पातं रेघेवरून चाललं. खाली लांब सपाट बैठक. मग उभी चढण. मग वरून पुढे गेलेला आडवा हात, टोकाशी खाली उतरलेला. मागे एक गोल.

गोलाशी येता येता बाईंचे हातच थांबले. हे वळण डोळ्यांआधी हातांनी ओळखलं होतं. त्यांच्या उजव्या तळव्यानं तो गोल आयुष्यभर फिरवला होता. शिलाई मशीनचं चाक.

"शिवायचंय काही? पायजमा उसवलाय का?"

काकांनी मान हलवली. नाही. तुकडा हातात घेतला, त्याच्या खरखरीत कडेवर अंगठा फिरवला, आणि तो बाईंच्या तळहातावर ठेवून वरून त्यांची बोटं मिटली.

"मी?"

"बरं," काका म्हणाले. अगदी हळू.

घरातल्या बादलीपासून पंख्यापर्यंत सगळं कापून झालं होतं. स्वतःला कापायचं बाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्या तर कायम समोरच असत.

पण काकांचं बोलून संपलं नव्हतं. जमिनीवर विखुरलेल्या तुकड्यांकडे त्यांनी काठीनं खूण केली. बाईंनी एकेक उचलून दाखवला. पलंग हातात येताच काकांनी तो घेतला, टेबलावर शिलाई मशीनच्या शेजारी नेटका टेकवला, आणि वाट बघत बसले.

तोवर त्यांनी एका वेळी एकच तुकडा ठेवला होता. दोन शेजारी शेजारी कधीच नाही. टेलरबाई त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिल्या. तू. झोप.

"यासाठी एवढा गोंधळ घातलात होय?" त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक नसल्यामुळे ओढणीनंच डोळे पुसले. मग खरोखरच आत जाऊन आडव्या झाल्या, भर दुपारी, पाच महिन्यांत पहिल्यांदा. काकांनी खुर्ची दारापर्यंत सरकवून घेतली आणि दीड तासानं दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं.

गुरुवारी हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाई ताडकन उभ्याच राहिल्या. "हे वाक्य आहे! काकांनी वाक्य केलं!"

त्यानंतर शब्द परत आले, पण काकांच्या मर्जीनं आणि मोजकेच. पहिला आला तो "नको." तो त्यांनी इतका सढळ हातानं वापरला की बाईंना "बरं"ची आठवण यायला लागली. मग "चहा", मग लेकीचं लाडाचं नाव, मग बरेच दिवस काहीच नाही, आणि मग एका सकाळी "अगं, पाणी." उजवा हात मात्र परतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एका पेशंटसाठी तशीच झोळी मागितली. बस चालवायचे ते. बाई कापायच्या आणि काका डाव्या हातानं कडा घासायचे. तुकडा हलू नये म्हणून बाई तो टेबलाच्या पकडीत आवळून द्यायच्या. कडा बोटाला टोचली की काका तो बाईंकडे परत करायचे. "नको."

"एवढंसं तर आहे."

"नको."

बाई चडफडत पुन्हा कापायच्या.

ड्रायव्हरांची बायको झोळी न्यायला आली. स्टिअरिंग, चहा, चप्पल, नात, असे अठरा तुकडे होते. तिनं सगळे टेबलावर मांडून पाहिले, दोनदा मोजले, आणि संकोचून म्हणाली, "ताई, यात मी कुठे आहे?"

टेलरबाईंनी तिला खुर्ची पुढे केली आणि खडूचा एक तुकडा व एक कोरी फळी तिच्या पिशवीत टाकली.

"ते त्यांना काढू द्या," त्या म्हणाल्या. "कसंही काढलं तरी घेऊन या. मी रेघ बदलणार नाही."