कूलरसमोरची मान

लखनौचा उन्हाळा मला वासानं आठवतो. कूलरच्या वाळ्यातून पाणी झिरपायचं आणि त्या ओल्या, गोडसर वासात आमचं नकाशाघर हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. उंच छत, खिडक्यांवर हिरवे पडदे, त्यांतून गाळून आलेला शेवाळी उजेड आणि त्या उजेडात टेबलांवर वाकलेली आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी. बाहेर लूचा तापलेला वारा भाजून काढत असायचा, आत कूलरची एकसुरी घुमघुम. ट्रेसिंगच्या निळसर कापडावर खडूची पूड चोळायची, बारीक निब शाईत बुडवायचा आणि नदीचा काठ काढायला घ्यायचा. थोड्या वेळानं, आपण नदी काढतोय की नदीच आपल्याला कुठंतरी घेऊन चाललीय, ते कळेनासं व्हायचं.

या सुखात खोट एकच होती. माझी मान.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सरकारी नोकरीनं मला नागपुरातून उचलून लखनौत आणून ठेवलं होतं. माझ्या वडिलांनी गिरणीत जन्मभर कापसाच्या गाठी वाहिल्या. म्हातारपणी ते सरळ उभे राहिले तरी जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतायत असंच वाटायचं. मला ही नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, "तू पाठीवर नाही जगणार. बोटांवर जगशील." बोटांवर जगायलासुद्धा मान लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तर काहीच ठाऊक नव्हतं.

आधी मान नुसती आखडायची. मग खांद्यातून मुंग्या निघाल्या आणि दंडावरून रमतगमत अंगठ्यापर्यंत उतरू लागल्या. पुढं निब थरथरायला लागला. नकाशाघराचे प्रमुख, ज्यांना आम्ही बडे बाबू म्हणायचो, ते चौक नावाच्या, अदबीसाठी नावाजलेल्या जुन्या मोहल्ल्यातले. ते रागावले तरी आपला सत्कार चाललाय असं वाटायचं. त्यांनी माझं कापड खिडकीशी धरलं, बराच वेळ पाहिलं आणि हळुवारपणे विचारलं, "नागपुरी साहब, आपकी नदी को ठंड लग रही है क्या?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नदीचा मोठा नकाशा पावसाळ्याआधी पुरा व्हायला हवा होता. हात असाच राहिला तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं आणि मी प्रिंटच्या खोलीत, नुसत्या नकाशांच्या नकला काढायला. त्या खोलीत अमोनियाचा वास कोंडलेला असायचा आणि तिथं गेलेला माणूस पुन्हा टेबलावर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बोटांवर जगणं तिथं संपत होतं.

आता लखनौत दुखणं सांगायची खोटी, उपाय दारात उभे. कुणी लसूण घालून कडकडवलेलं मोहरीचं तेल दिलं. ते लावून ऑफिसात गेलो की शेजारच्याला भूक लागायची. एकानं चौकातल्या पहिलवानाकडे नेलं. त्यानं मान अशी काही फिरवली की क्षणभर मला मलिहाबादच्या आमराया, त्यांतल्या लगडलेल्या दशहरी आंब्यांसकट, स्वच्छ दिसल्या. दुसऱ्या दिवशी मान तिथंच, मुंग्याही तिथंच.

मग मी माझं डोकं चालवलं. हे मी फार कमी वेळा करतो, आणि त्याला कारणं आहेत. मला आठवलं की हिवाळ्यात मान दुखत नव्हती. लखनौच्या थंडीत सगळी ऑफिसं उन्हात येतात. आमचंही यायचं. बोटं गारठली की आम्ही खुर्च्या उचलून मागच्या हिरवळीवर जायचो, मांडीवर बोर्ड घेऊन आकडेमोड करायचो, काळ्या मिठाबरोबर शेंगा खायचो. धुक्यातून वितळत आलेलं ते ऊन पाठीवर पडलं की माणूस अर्धा झोपेत, अर्धा सरकारी सेवेत. तेव्हा मान लोण्यासारखी होती. म्हणजे औषध काय? ऊब! एवढं सोपं कुणाला सुचलं नव्हतं याचं मला नवल वाटलं.

पण उबेच्या आड एक गोष्ट येत होती. मी कूलरसमोर बसत होतो.

आमच्याकडे बोर्ड उचलून कुठल्याही टेबलावर ठेवता यायचा, आणि कूलरसमोरचं टेबल जो धरील त्याचं. तो उठला की गेलं. पाणी प्यायला गेलेला माणूस परत यायचा तो त्याचा बोर्ड कोपऱ्यात आणि नवा धनी "माफ कीजिएगा" म्हणत हसतोय. मी हे टेबल रोज सकाळी सगळ्यांआधी येऊन पकडायचो आणि संध्याकाळपर्यंत उठायचो नाही. डबा तिथंच खायचो. उठायला लागू नये म्हणून पाणी पिणंसुद्धा सोडलं होतं. टेबल सोडणं शक्य नव्हतं आणि ऊब तर हवी होती. तेव्हा मी गळ्यात लोकरी मफलर गुंडाळला. मे महिना. समोर कूलर.

बडे बाबूंनी मला लांबून पाहिलं. मग जवळ येऊन पाहिलं. म्हणाले, "वाह. चेहरा नैनीताल में, गर्दन राजस्थान में."

घरी त्याहून कडक बंदोबस्त होता. रात्रीच्या जेवणाआधी बायको स्टोव्हवर वीट तापवायची आणि मी ती फडक्यात गुंडाळून मानेखाली घ्यायचो. घाम पाटाच्या पाण्यासारखा वाहायचा. काही दिवस तिनं हे मुकाट्यानं केलं. मग एका संध्याकाळी वीट चिमट्यात धरूनच ती थांबली.

आमचं क्वार्टर ऑफिसच्या मागंच होतं आणि वरच्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून ती हिरवळ दिसायची. ती म्हणाली की हिवाळ्यात तिला घड्याळ बघावंच लागत नसे. आमच्या खुर्च्या गुलाबाच्या वाफ्यापाशी असल्या की ती दूध तापवायची, हातपंपाजवळ सरकल्या की डाळ शिजायला टाकायची आणि आम्ही भिंतीपाशी पोचलो की दोरीवरचे वाळलेले कपडे काढायची. सावली आली की आमचा अख्खा कळप उठे, खुर्च्या डोक्यावर घेऊन पुढं जाई. मधेच कुणीतरी आत टेबलापाशी जाई, कुणी परत येई.

"अहो, तुमची मान ऊन होतं म्हणून बरी होती असं नाही," ती म्हणाली. "ऊन सरकत होतं म्हणून बरी होती."

मला ते पटलं. पण नवरा असल्यामुळे लगेच कबूल करता येईना. भिंतीवर आमच्याकडे बुद्धाची तसबीर होती. मी तिकडे बोट केलं आणि म्हटलं की एका जागी न हलता बसून माणूस कुठच्या कुठं पोचतो.

"ते झाडाखालून उठले होते," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर चालले." एवढं बोलून तिनं वीट गॅलरीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा गेलो आणि कूलरपासून सगळ्यात लांबचं, खिडकीजवळचं टेबल घेतलं. पाण्याची सुरई खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. बोर्डच्या मागच्या कडेखाली विटा लावल्या, म्हणजे कापड माझ्याकडे तिरपं वर येईल आणि मला त्याच्यापुढं एवढं वाकावं लागणार नाही. खोलीत चर्चा झाली की नागपुरी साहब मकान बांधतायत. खिडकीच्या फटीतून लू येऊन कानाशी बोलायची. मधूनमधून मी उठायचो, खांदे फिरवायचो, सुरईपर्यंत जायचो, घोटभर पाणी पिऊन यायचो. पुन्हा तो हिरवट, पाण्यासारखा उजेड अंगावर घेऊन बसायचो. थोड्याच दिवसांत मुंग्या अंगठ्यातून मागं हटल्या, मग कोपरापर्यंत गेल्या. मान मात्र अधूनमधून हजेरी लावत राहिली. अजूनही लावते.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या खोलीत रेघ अर्धी टाकून उठणं हा कमीपणा समजला जायचा. नदीचा काठ एका बैठकीत, एका दमात न्यायचा. मधे थांबलात तर पुन्हा सुरुवात केलेल्या जागी शाई साचते आणि गाठ उमटते. माझ्या पहिल्या प्रयत्नांत अशा इतक्या गाठी उमटल्या की नदी जपमाळेसारखी दिसू लागली. ब्लेडनं त्या खरडून खरडून कापडाला भोक पडायची वेळ आली. मग रद्दी कापडावर मी रेघ सोडायला शिकलो. उठायच्या आधी हात हलका करत रेघ केसासारखी बारीक करून सोडायची, आणि परत आल्यावर जरा मागूनच, तिच्या अंगावर अंग टाकत, निघायचं. जसं झोपेतून अर्धवट जागं होऊन तेच स्वप्न पुढं पाहावं तसं.

मोठं कापड बोर्डवर लागलं त्या दिवशी आकाश मळभलेलं होतं. नदी तिथं एक मोठं वळण घेत होती आणि ते पूर्ण वळण मला काढायचं होतं. बडे बाबू माझ्या मागं खुर्ची टाकून बसले. मी निघालो. वळणाच्या पोटाशी खांद्यात पहिली मुंगी जागी झाली. एरवी मी दात चावून पुढं गेलो असतो. मी रेघ बारीक केली, सोडली, निब पुसला आणि उठलो. सगळ्यांची डोकी बोर्डांवरून वर झाली. कूलरसमोरच्या माणसानंही मान वळवली, पण जागा सोडली नाही.

सुरईपर्यंत गेलो, पाणी प्यालो, परत आलो, बसलो. वळण संपेपर्यंत असा कितीदा तरी उठलो. शेवटी निब ठेवला तेव्हा मला फक्त पाण्याची चव आणि नदीचा निळा रंग आठवत होता.

बडे बाबूंनी भिंग घेतलं. कापडावर वाकून ते काठाकाठानं चालत गेले, मग उलटे आले. एका हातानं कंबर धरून सावकाश ताठ झाले.

"उठे कहाँ-कहाँ थे?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. खरोखर शोधलं. "अब मुझे भी नहीं मिल रहा, बड़े बाबू."

त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि कापडाच्या उरलेल्या, अजून कोऱ्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवलं.

"तो जाइए," ते म्हणाले, "पानी पी आइए."