शमशादबाईंची खंडेनवमीची रजा

शमशादबाईंचं नाक आणि शमशादबाईंची रजा, या दोन गोष्टींवरून कारखान्यात कायम चेष्टा चालायची. कर्जत तालुक्यातला तो पशुखाद्याचा कारखाना आणि तिथल्या लहानशा प्रयोगशाळेत बाई केमिस्ट. पेंडीत चरबी किती हे काढायचं तर पेट्रोलियम ईथर लागणारच. दिसायला पाण्यासारखं, भडकायला पेट्रोलसारखं. बाटलीचं बूच सैल राहिलं तरी बाईंना दारातच कळायचं. वापरलेलं ईथर कुणी बेसिनमध्ये ओतलं, तर मग विचारूच नका, त्याचा सगळ्यांसमोर उद्धार व्हायचा.

रजेचं म्हणाल, तर बाई वर्षात एकदाच हक्कानं घ्यायच्या, खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. प्रयोगशाळेतले काटे, भट्टी, काचसामान, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि समोर निरंजन. बाई आदल्या दिवशी ईथर मागच्या कोठीत हलवायच्या, कपाटाला कुलूप घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरी बसायच्या. इथे ज्योत का नको, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची भीती वाटायची, हे खरं. शेखांच्या बाईनं दिव्याला नको म्हणायचं, आणि तेही पूजेच्या दिवशी? नकोच ती कटकट.

यंदा मात्र नमुन्यांचा ढीग साचला आणि राधाकृष्ण मॅनेजरांनी रजा नाकारली. तपासणीला लागणार म्हणून ईथरही कपाटातच राहिलं. खंडेनवमीला सकाळी बाई गोदामात नमुने आणायला गेल्या आणि घाईत कपाटाची किल्ली टेबलावर विसरल्या.

परत आल्या तर उंबऱ्यातच पाय अडला. वास! नुसता बुचाचा नव्हे, अख्ख्या खोलीचा. खिडक्या बंद, काचसामान लखलखीत मांडलेलं, झेंडू वाहिलेला, चारपाच माणसं हात जोडून उभी आणि राधाकृष्णांच्या हातात काडीपेटी.

"काडी ओढू नका!" बाई ओरडल्या. "बटणांना हात लावू नका. सगळे बाहेर चला. आत्ता!"

"मॅडम, पूजा चाललीय," राधाकृष्ण म्हणाले.

"नंतर करा. आधी बाहेर!" बाईंनी त्यांच्या हातातून काडीपेटी जवळजवळ हिसकावलीच. मग खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांच्या मागून बाहेर आल्या.

अंगणातल्या लिंबाखाली सगळे जमले. मग मच्छिंद्र ड्रायव्हर बोललाच, "इतकी वर्षं दिवा लागतोय, काय झालं नाही. आता पूजा कशी करायची तेबी तुमीच सांगणार काय?"

बाईंनी जे इतकी वर्षं टाळलं, नेमकं तेच समोर आलं होतं. वाईट वाटलं, रागही आला.

"ईथरची वाफ जड असते," त्या शक्य तितक्या सावकाश म्हणाल्या. "दिसत नाही, जमिनीवर सरपटत जाते आणि ठिणगी भेटली की आग घेऊनच परत येते. पण आज एवढं ईथर सांडलं कसं, ते मला कळत नाहीये."

मच्छिंद्रनं तोंड फिरवलं. मग शिपाई कारभारी पुढे आला, रिटायरमेंटला टेकलेला माणूस.

"सांडलं न्हाई, म्याडम. म्या त्येनं पुसलं. पूजेचं काचसामान चकाकलं पायजे म्हनून. तुमी त्येनंच तेलकटपना काढता, रोज बघतो की मी. किल्ली टेबलावर हुती. पार टेबल, फरशी, सगळं पुसलं बगा." आणि मच्छिंद्रकडे वळून म्हणाला, "त्यास्नी काय बोलू नगंस. आज सगळ्यास्नी जाळलं असतं म्या."

मच्छिंद्र खाली बघू लागला. राधाकृष्णांनी घाम पुसला.

"किल्ली मीच विसरले," बाई म्हणाल्या. "आणि दिवा का नको, हेही मी कधी सांगितलं नाही. माझंही चुकलं."

दुपारी वास पार गेल्यावर त्यांनी एकेक भांडं हुंगून कारभारीच्या हातात दिलं. लिंबाखाली टेबल मांडून पूजा झाली. कारखान्यात बरेच दिवस त्याच दिवसाची चर्चा होती, पण बाईंच्या नाकाची चेष्टा काही कुणी केली नाही.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं आणि बाईंनी सवयीनं कारभारीला सांगून टाकलं, "खंडेनवमीला मी नाही हां. ईथर कोठीत ठेवून जाते."

"बरं. मंग पूजा दुसऱ्या दिवशी करू."

"अहो, दुसऱ्या दिवशी कशी? खंडेनवमी खंडेनवमीलाच असते ना?"

"असंना का. सगळ्यांचं ठरलंय, मच्छिंद्रचं बी. तुमी वास घेऊन व्हय म्हनल्याबिगर काडी ओढायची न्हाई."

बाईंनी ओढणीनं डोळे टिपले आणि ईथरच्या वासाला नावं ठेवत कामाला लागल्या. त्या खंडेनवमीला त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या.