चौथा फासा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? स्वतःच्या फजित्या पेढ्यांसारख्या वाटत फिरणारा माणूस. मी राहतो त्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या इमारती सगळ्या सारख्या; एकदा भलत्याच विंगमध्ये, भलत्याच घरात शिरून, चपला काढून, सोफ्यावर बसून मी पाणी मागितलं होतं. हे मी स्वतःच दहा लग्नांत सांगितलंय. ही गोष्ट मात्र कुठेच नाही. का? कारण हिच्यात फजिती माझी होत नाही.

दर रविवारी दुपारी माझ्या घरी आम्ही पाच जण खेळायला बसतो. चाळिशीला टेकलेली माणसं, हो. मी गोष्ट सांगतो – गुहा, राक्षस, शापित किल्ला – बाकीचे चौघे त्यातली पात्रं होतात, आणि पुढे काय घडतं ते फासे ठरवतात. खेळ मी चालवतो. म्हणजे त्या टेबलावर देव मीच. ऑफिसात मला पंख्याचा स्पीडसुद्धा ठरवू देत नाहीत.

आता जरा नियम सांगतो, कारण पाप त्यातच आहे. प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, अक्कल अशा सहा गुणांचे आकडे मिळतात. गोष्टीतला वाणी, पहारेकरी, रस्त्यावरची माणसं – त्यांचा प्रत्येक आकडा म्हणजे तीन फाशांची बेरीज. नायकांना चार फासे; त्यातला सगळ्यात लहान काढून टाकायचा. बस. नायक आणि गर्दी यांच्यात फरक तेवढाच, एका फाशाचा.

चार वर्षांपूर्वी हरेश आला. जवळच्याच खाडीकाठच्या राई गावचा. घरची मिठागरं कधीच गेली, आता तो एसी दुरुस्त करतो. माझा एसी करायला आला, कपाटातले फासे पाहून विचारलं, आणि मी म्हटलं, ये रविवारी. तो आला, नुसता बघत बसला – आणि अर्ध्या तासात सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. खाडीत होडी उलटली तेव्हा त्याच्या काकाने आधी विडी कशी वाचवली, हे तो सांगत होता. माझा राक्षस गुहेत ताटकळत उभा. आमच्यातला जिग्नेश तर हसून हसून खुर्चीवरून घसरला. माझ्या गोष्टीवर तो कधी घसरला होता का?

पुढच्या शनिवारी हरेशचं पात्र तयार करायला आम्ही दोघंच बसलो. चार फासे माझ्या मुठीत होते. मी तीन त्याच्यापुढे ठेवले.

चौथा मुठीतच राहिला. घामाने ओला झालेला अजून आठवतो.

नऊ, आठ, अकरा, सात, दहा, बारा. बाकीच्यांचे तेरा-चौदा, एखादा सोळा. "माजा हातच तसा हाय, भावा," हरेश हसून म्हणाला. मी काय म्हणालो? म्हणालो, "असू दे, नशीब असतं एकेकाचं." नियमांचं पुस्तक माझ्याकडे, इंग्रजीत. त्याने कधी मागितलं नाही. विश्वास – दुसरं काय?

मग चार वर्षं दर रविवारी तेच. पात्राचा आकडा मोठा असला की प्रत्येक वेळी फाशावर पडेल त्यात वरून भर मिळते. त्याला मिळायची नाही. उडी मारायला गेला की खड्ड्यात. कुलूप उघडायला गेला की बोट अडकलेलं. "हरेशभाई, आपके हाथ में पनौती है क्या?" जिग्नेश विचारायचा. शेवटी हरेशने पुढे जाणंच सोडलं. मागे मशाल धरून उभा राहायचा. म्हणायचा, "कुनीतरी उजेड दावाय पायजे ना."

आता तुम्ही म्हणाल, साध्या आकड्यांचा माणूसच खरा नायक असतो. मीही स्वतःला हेच सांगत आलो – किती छान वाटतं ऐकायला! पण तो नायक झाला नाही. चार वर्षं मशाल धरून उभा राहिला, आणि मी त्याला उभा ठेवला.

तरी खेळच होता, असं म्हणून मी हेही पचवलं असतं. पण यंदा गावदेवीच्या जत्रेला त्याने आम्हाला राईला नेलं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, ते तिथे चिठ्ठी काढून ठरतं. त्याच्या घराची चिठ्ठी काढायची पाळी आली, घरात थोरला तोच. पुजाऱ्याने चिठ्ठ्यांचं भांडं पुढे केलं. हरेशने धाकट्या भावाला पुढे ढकललं. "तू काड रे. माज्या हाताला यश न्हाय." भाऊ म्हणाला, "आरं दादा, तुजा मान हाय." त्याने मान हलवली आणि हात पाठीमागे बांधून घेतले. जिग्नेश हसला. हरेशही हसला.

आणि मी? मीही हसलो. जरा मोठ्यानेच.

भावाच्या हातून चिठ्ठी कोरी निघाली. हरेशच्या हातून काय निघालं असतं, कोण सांगणार? पण हात पाठीमागे बांधायला त्याला मी शिकवलं.

येत्या रविवारी गोष्ट सुरू करण्याआधी, चौघांसमोर, तो चौथा फासा मी हरेशपुढे ठेवणार आहे. विनोद करून नाही. विनोद केला तर तो हसून सोडून देईल, आणि मला ते माहीत आहे. सरळ सांगणार: नायकांना चार असतात. तुला मी तीन दिले. जाणूनबुजून.

तो उठून गेला, तर जाईल.